ग्राहकाला काय विचारायचे आणि कसे विचारायचे: प्रश्नावलीतील प्रश्नप्रकारांची ओळख

१६ जानेवारी १९६७ रोजी गोव्यातील मतदारांपुढे एक प्रश्न ठेवण्यात आला आणि उत्तरासाठी दोन चिन्हे देण्यात आली. महाराष्ट्रात विलीनीकरण हवे असेल तर फूल आणि केंद्रशासित प्रदेश म्हणून वेगळे राहायचे असेल तर दोन पाने. फुलाला १,३८,१७० मते पडली, दोन पानांना १,७२,१९१ मते पडली आणि निर्णय झाला. त्या जनमत कौलाविषयी आपल्याकडे घराघरांत आजही वेगवेगळी मते आहेत आणि तो वाद उकरून काढण्याचा इथे हेतू नाही. लक्ष वेधायचे आहे ते मतपत्रिकेच्या रचनेकडे. गोवा हे स्वतंत्र घटकराज्य व्हावे असे त्या दिवशी ज्या मतदाराला वाटत असेल, त्याच्यासाठी कागदावर तिसरे चिन्ह नव्हते. घटकराज्य पुढे ३० मे १९८७ रोजी झाले, परंतु १९६७ मध्ये ते किती जणांना हवे होते, हे त्या मतपेट्यांतून कधीच कळणार नाही, कारण मतपेट्यांना तो प्रश्न विचारलाच गेला नव्हता. यात मतपत्रिकेचा दोष नाही. तिला दोहोंतून एकाचा निर्णय करायचा होता आणि ते काम तिने चोख केले. लोकांच्या मनात आणखी काय आहे, हे जाणून घेणे हे तिचे कामच नव्हते.

ग्राहकांसाठी प्रश्नावली तयार करणाऱ्या प्रत्येकापुढे हाच पेच लहान आकारात उभा असतो. प्रश्न कोणत्या साच्यात घालायचा हे ठरवताना आपण कोणती उत्तरे येऊ शकतील आणि कोणती कधीच येणार नाहीत, हेही ठरवून टाकतो. साचा निवडणे ही सजावटीची बाब मानली जाते. प्रत्यक्षात प्रश्नावलीचा निम्मा निकाल तिथेच लागलेला असतो.

हा विषय आज एवढा महत्त्वाचा झाला आहे, याला कारण आहे. हॉटेलातून बाहेर पडताना, गाडीची सर्व्हिसिंग झाल्यावर, बँकेशी फोनवर बोलणे संपताच आपल्या हातात एखादी प्रश्नावली येते. २०२७ ची जनगणना देशातील पहिली डिजिटल जनगणना असल्यामुळे घरोघरची उत्तरेही आता कागदाऐवजी पडद्यावर नोंदली जाणार आहेत. दुसरीकडे पणजी, म्हापसा, फोंडा, मडगाव इथले छोटे व्यावसायिक, म्हणजे वास्तुविशारद, वकील, केटरर, होमस्टे चालवणारी कुटुंबे, स्वतःच अशा प्रश्नावल्या तयार करू लागली आहेत, कारण गूगल फॉर्मसारखी साधने फुकट मिळतात. ते साधन उघडले की प्रश्नापुढे एक यादी लोंबते: छोटे उत्तर, परिच्छेद, अनेकांतून एक, चौकोनात खूण, पट्टी, तक्ता. यांतले काय कधी घ्यायचे हे मात्र ती यादी सांगत नाही.

पोदेर आणि डॉक्टर

सगळ्या प्रश्नप्रकारांच्या मुळाशी दोनच जाती आहेत. उत्तर देणारा स्वतःच्या शब्दांत काहीही सांगू शकतो तो खुला प्रश्न, आणि विचारणाऱ्याने दिलेल्या पर्यायांतूनच ज्याचे उत्तर निवडायचे असते तो बंद प्रश्न. बाकीचे प्रकार या दोन जातींची पोटभेदाची रूपे आहेत.

सकाळी सायकलचा भोंगा वाजवत दारात येणारा पोदेर, म्हणजे पाववाला, आपल्याला ‘आज नाश्त्याला काय खावेसे वाटते?’ असे विचारत नाही. ‘उंडे की पोय, आणि किती?’ एवढेच तो विचारतो. त्याच्या टोपलीत काय आहे हे त्याला ठाऊक असते, आपल्या उत्तरावर त्याला त्याच क्षणी कृती करायची असते आणि पुढच्या वाड्यावर जायची घाई असते. हा बंद प्रश्न आहे आणि तो तिथे अगदी योग्य आहे. डॉक्टर मात्र रुग्ण समोर बसताच ‘काय होतेय?’ असे विचारतात. दुखणे पोटात आहे की पाठीत, हे त्यांना अजून माहीत नसते, म्हणून ते रुग्णाला त्याच्या शब्दांत बोलू देतात. त्या बोलण्यातून दिशा मिळाली की मग ‘ताप किती दिवस आहे?’, ‘उलटी झाली का?’ असे नेमके, बंद प्रश्न सुरू होतात. डॉक्टरांनी सुरुवातच ‘सर्दी, ताप की खोकला?’ अशी केली, तर छातीत कळ येणारा माणूसही यांतलेच काहीतरी निवडून घरी जाईल.

म्हणजे पहिली कसोटी सरळ आहे. संभाव्य उत्तरे आपल्याला आधीच पुरेशी माहीत आहेत का? असतील तर पोदेरासारखे विचारावे, नसतील तर डॉक्टरांसारखे.

खुला प्रश्न अधिक प्रामाणिक, मग सगळेच प्रश्न खुले का नसावेत?

हा आक्षेप भल्या हेतूने घेतला जातो, परंतु खुल्या प्रश्नाची किंमत किती मोठी असू शकते, याचे उदाहरण आपल्याच देशात आहे. २०११ च्या सामाजिक, आर्थिक आणि जातनिहाय गणनेत जात नोंदवताना पक्की यादी समोर नव्हती, सांगितलेले नाव लिहून घेतले गेले. १९३१ च्या जनगणनेत ४,१४७ जाती नोंदल्या गेल्या होत्या, तर २०११ च्या गणनेत ४६ लाखांहून अधिक वेगवेगळी नावे जमा झाली, असे केंद्र सरकारने २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयापुढील प्रतिज्ञापत्रात सांगितले. समाजाचे एवढे तुकडे ८० वर्षांत पडले नव्हते. कुणी पोटजात सांगितली, कुणी कूळ, कुणी गोत्र, आणि एकच नाव निरनिराळ्या प्रगणकांनी निरनिराळ्या पद्धतीने लिहिले. उत्तरे खरी होती, तरी ती एकमेकांशेजारी मांडून मोजता येईनात.

छोट्या व्यवसायातही हेच घडते. ‘आपण कुठून आलात?’ या खुल्या प्रश्नाला एक पाहुणा ‘पुणे’ लिहितो, दुसरा ‘महाराष्ट्र’, तिसरा ‘कारने’ आणि चौथा ‘मित्राच्या सांगण्यावरून’. चौघांचेही काही चुकलेले नाही. जिथे उत्तर नेमके, मोजके आणि सर्वांना सारखेच समजणारे असायला हवे, तिथे प्रश्न बंद करणे हे विचारणाऱ्याचे कर्तव्य आहे.

मग पर्याय देऊन टाकले की झाले?

नाही, कारण पर्यायांची यादी उत्तर नुसते नोंदवत नाही, ते सुचवतेही. अमेरिकेतील प्यू रिसर्च सेंटर या संस्थेने नोव्हेंबर २००८ मध्ये अध्यक्षीय निवडणुकीनंतर मतदारांना विचारले की, मत ठरवताना कोणता एक विषय तुम्हाला सर्वांत महत्त्वाचा वाटला. काही मतदारांना पाच विषयांची यादी वाचून दाखवली, तेव्हा ५८ टक्क्यांनी ‘अर्थव्यवस्था’ निवडली. इतरांना यादी न देता तोच प्रश्न खुला विचारला, तेव्हा अर्थव्यवस्थेचे नाव ३५ टक्क्यांनीच घेतले. त्याहून बोलके म्हणजे, खुल्या प्रश्नाला ४३ टक्के लोकांनी त्या पाच विषयांत नसलेले उत्तर दिले, परंतु यादी समोर असताना यादीबाहेर जाणारे ८ टक्केच निघाले. ‘इतर’ म्हणायची मुभा असूनही माणूस सहसा यादीच्या कुंपणाबाहेर जात नाही.

म्हणून ‘इतर (कृपया लिहा)’ अशी ओळ खाली घातली की सर्व शक्यता आत आल्या, ही समजूत सोडून द्यायला हवी. ती ओळ ठेवावी, पण तिच्यावर भिस्त ठेवू नये.

एका जुन्या घराचे उदाहरण

आता एक उदाहरण सविस्तर घेऊ. समजा, जुन्या घरांची दुरुस्ती आणि नूतनीकरण करणारी एक वास्तुविशारद आहे. तिचे बरेचसे ग्राहक मुंबईत, दुबईत किंवा लंडनमध्ये राहतात, गावी चतुर्थीला येतात आणि चिऱ्याच्या भिंतींचे, कौलारू छपराचे वडिलोपार्जित घर नीट करून घेऊ इच्छितात. प्रत्यक्ष भेट एक-दोनदाच होणार, म्हणून काम सुरू होण्याआधी ती त्यांना प्रश्नावली पाठवते. इंटरनेटवर मिळणाऱ्या तयार नमुन्यांत तिला साधारण असे प्रश्न सापडतात: ‘तुम्हाला कोणती शैली आवडते? आधुनिक, पारंपरिक, मिश्र.’ ‘घरात किती व्यक्ती राहतात?’ ‘तुमचे अंदाजपत्रक किती?’ तिन्ही प्रश्न वरवर निर्दोष आहेत आणि तिन्ही तिला फसवतील.

पहिला प्रश्न बंद आहे, पण तो बंद करण्याची वेळ अजून आलेली नाही. ‘पारंपरिक’ या शब्दाने एका ग्राहकाला राजांगण (घरातला आतला चौक) आणि तुळशीवृंदावन अभिप्रेत असते, तर दुसऱ्याला बल्कांव (दारापुढचा बसायचा ओटा) आणि शिंपल्यांच्या खिडक्या. दोघेही एकाच चौकटीत खूण करतील आणि वास्तुविशारदाला वाटेल की दोघांना एकच हवे आहे. इथे खुला प्रश्न हवा, मात्र ‘तुमच्या अपेक्षा सांगा’ असा मोकाट सोडलेला नव्हे. ‘या घरातील कोणती जागा किंवा वस्तू काही झाले तरी बदलू नये असे तुम्हाला वाटते, आणि का?’ असा विचारावा. प्रश्न खुला असला तरी त्याला काठ असावेत, म्हणजे उत्तर वाहून जात नाही. अशा प्रश्नाला एखादी ग्राहक लिहून जाते की, गणपतीपुढे माटोळी, म्हणजे फळाफुलांची टांगती सजावट, बांधायची लाकडी चौकट ज्या तुळयांना टांगतात त्या तुळया झाकू नका. कोणत्याही तयार यादीत ‘माटोळी’ हा पर्याय असणार नाही. तो प्रश्न पर्यायांचा असता तर खोट्या छतामागे त्या तुळया गेल्याच असत्या आणि पुढच्या चतुर्थीला घरात वाईटपणा आला असता.

दुसरा प्रश्न संख्येचा आहे. उत्तर संख्येत असेल तर शिंप्यासारखे थेट माप घ्यावे, ‘सैल, मध्यम, घट्ट’ असे विचारू नये. पण माप कुठल्या जागेचे, हे शिंपी आधी ठरवतो. ‘घरात किती व्यक्ती राहतात?’ याचे खरे उत्तर ‘आई आणि मदतीला असणारी बाई’, म्हणजे दोन. त्यावरून आखलेल्या घरात चतुर्थीच्या पाच दिवसांत चाळीस माणसे मावत नाहीत, न्हाणीपुढे रांग लागते आणि स्वयंपाकघरात पाऊल ठेवायला जागा उरत नाही. म्हणून एकाऐवजी दोन संख्या मागाव्यात: ‘एरवी रात्री घरात किती माणसे झोपतात?’ आणि ‘मागच्या चतुर्थीला जास्तीत जास्त किती झोपली?’ नेमका काळ, नेमकी क्रिया आणि मागचा अनुभव विचारला की उत्तर अंदाजावरून आठवणीवर येते. मला तरी प्रश्नावलीच्या कलेतील हे सर्वांत उपयोगी सूत्र वाटते.

याच वेळी एक गोष्ट पटकन सांगून टाकतो. जे कागदावर आहे ते विचारू नये, कागद मागावा. ‘घर कुणाच्या नावावर आहे?’ असा पर्यायांचा प्रश्न करण्याऐवजी एक-चौदाच्या उताऱ्याची, म्हणजे गोव्यातील जमिनीच्या हक्कनोंदीची, प्रत मागितली तर आठवणीचा घोळ टळतो. विचारायचेच असेल तर पर्यायांत ‘अनेक वारस आहेत, इन्व्हेंटरी (वारसांतील वाटणीची न्यायालयीन प्रक्रिया) व्हायची आहे’ हे असायला हवे, कारण आपल्याकडील कितीतरी जुन्या घरांची वस्तुस्थिती तीच असते.

पैशाचा प्रश्न आणि टप्प्यांची गंमत नव्हे, धोका

अंदाजपत्रक विचारताना बहुतेकांना थेट आकडा मागणे उद्धट वाटते, म्हणून टप्पे दिले जातात. ते सौजन्याचे असते आणि लोक टप्प्यावर खूण अधिक सहजपणे करतात, हेही खरे आहे. पण दोन चुका सर्रास होतात. एक म्हणजे ‘५ ते १० लाख’, ‘१० ते १५ लाख’ असे एकमेकांवर चढलेले टप्पे, ज्यांत दहा लाखवाल्याने कुठे खूण करायची हे कळत नाही. ही चूक सहज दुरुस्त होते.

दुसरी चूक दिसत नाही, म्हणून जास्त घातक आहे. नॉर्बर्ट श्वार्ट्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८५ मध्ये प्रसिद्ध केलेल्या जर्मनीतील एका अभ्यासात लोकांना रोज किती वेळ दूरदर्शन पाहता असे विचारले होते. काहींना दिलेले टप्पे अर्ध्या तासापासून सुरू होऊन ‘अडीच तासांहून अधिक’ या टप्प्यावर संपत होते, तर काहींना दिलेले टप्पे ‘अडीच तासांपर्यंत’ पासून सुरू होऊन वर जात होते. पहिल्या गटातील १६.२ टक्के लोकांनी अडीच तासांहून अधिक पाहतो असे सांगितले, दुसऱ्या गटात हेच प्रमाण ३७.५ टक्के निघाले. सवयी काही पानापानाला बदलत नाहीत. लोकांनी टप्प्यांच्या मध्यावर पाहिले, ‘सर्वसाधारण माणूस इथे असावा’ असे गृहीत धरले आणि स्वतःला त्याच्या जवळपास बसवले.

अंदाजपत्रकाच्या टप्प्यांनाही हाच नियम लागू होतो. वास्तुविशारदाने पहिला टप्पा २० लाखांचा आणि शेवटचा दीड कोटीचा ठेवला, तर मध्यमवर्गीय ग्राहक संकोचाने वर सरकतो आणि काम अर्ध्यावर आल्यावर पैसे संपतात. अशा वेळी मी खुला आकडाच मागेन, आणि सोबत ‘याहून अधिक खर्च झाला तर कोणते काम पुढच्या वर्षावर ढकलता येईल?’ असा प्रश्न जोडेन. पहिल्या प्रश्नाने रक्कम कळते, दुसऱ्याने त्या रकमेमागची ओढाताण कळते.

पाचांपैकी किती? मापनपट्टीचा प्रश्न

काम झाल्यानंतर समाधान विचारण्यासाठी सर्वाधिक वापरली जाते ती मापनपट्टी, म्हणजे एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत चढत्या क्रमाने मांडलेले पर्याय. अमेरिकन सामाजिक मानसशास्त्रज्ञ रेन्सिस लिकर्ट यांनी १९३२ मध्ये ‘पूर्ण सहमत’ ते ‘पूर्ण असहमत’ अशी मांडणी शास्त्रशुद्ध रीतीने वापरून दाखवली आणि तिचेच वंशज आज प्रत्येक मोबाइलवर दिसतात. भावना सौम्य आहे की तीव्र, हे जाणायचे असेल तर पट्टीसारखे साधन नाही. ‘होय की नाही’ विचारले तर कसेबसे समाधानी आणि अगदी भारावून गेलेले दोघेही एकाच रकान्यात पडतात.

पट्टीवरचे शब्द मात्र गोव्यात फार जपून निवडावे लागतात. ‘उत्तम, चांगले, बरे, वाईट’ ही मराठी पट्टी पाहा. मराठीत ‘बरे’ म्हणजे जेमतेम, चालण्यासारखे. कोंकणीत ‘बरें’ म्हणजे चांगले. आपल्याकडे एकाच घरात दोन्ही भाषा नांदतात, मराठी वर्तमानपत्र वाचणारा माणूस बोलतो कोंकणीत, आणि अशा माणसाने जेवणासमोर ‘बरे’ वर खूण केली तर त्याने कौतुक केले की नाराजी दर्शवली, हे कोणताही संगणक सांगू शकणार नाही. ‘खूप समाधानी, समाधानी, ना समाधानी ना असमाधानी, असमाधानी, खूप असमाधानी’ ही पट्टी रूक्ष आहे, परंतु ती दोन्ही भाषांत एकाच जागी बसते. देवनागरी सहज न वाचणाऱ्या ग्राहकांसाठी रोमी कोंकणी किंवा इंग्रजी प्रत करताना तर प्रत्येक पायरी पुन्हा तपासायला हवी.

मधली पायरी ठेवावी की नाही, यावर अभ्यासकांत मतभेद आहेत. माझे मत ठेवावी असे आहे, कारण खरोखरच मध्यावर असणाऱ्याला एका बाजूला ढकलणे म्हणजे उत्तर आपणच लिहिण्यासारखे आहे. पण मधली पायरी आणि ‘लागू नाही’ या दोन गोष्टी वेगळ्या ठेवाव्यात. होमस्टेमध्ये ज्याने नाश्ता घेतलाच नाही, त्याला नाश्त्याविषयी मत नसते. त्याला वेगळी जागा दिली नाही तर तो नाइलाजाने मध्यावर खूण करतो आणि नाश्ता ‘साधारण’ ठरतो.

पट्टीच्याच कुळातला एक प्रश्न आजकाल सर्वत्र भेटतो: ‘तुम्ही आमची शिफारस आपल्या मित्राला करण्याची शक्यता ० ते १० पैकी किती?’ फ्रेड रायकहेल्ड यांनी २००३ मध्ये हार्वर्ड बिझनेस रिव्ह्यूमध्ये तो मांडला. त्याच्या गणितात ९ आणि १० देणारे शिफारस करणारे मानले जातात, ७ आणि ८ देणारे तटस्थ, आणि ० ते ६ देणारे सगळे नाराज. शिफारस करणाऱ्यांच्या टक्क्यांतून नाराजांचे टक्के वजा केले की गुणांक मिळतो. आता आपल्या मनातील गुणांचे माप आठवून पाहा. ६० टक्के म्हणजे पहिला वर्ग आणि ७५ म्हणजे डिस्टिंक्शन, हे ज्याच्यावर शाळेपासून बिंबले आहे, तो माणूस मनापासून खूष होऊन ८ गुण देतो आणि त्याची गणना तटस्थात होते. पहिला वर्ग समजून ६ देणारा तर थेट नाराजांत जाऊन पडतो. मोठ्या कंपनीला वर्षानुवर्षांची स्वतःचीच तुलना करायला हा प्रश्न उपयोगी पडत असेल, पण चार खोल्यांच्या होमस्टेने त्या एका आकड्यावरून स्वयंपाकी बदलू नये.

‘सहमत-असहमत’ या पट्टीविषयी एक सावधगिरीची सूचना. ‘कर्मचाऱ्यांची वागणूक सौजन्याची होती’ असे वाक्य पुढे ठेवले की माणसाचा कल सहमत होण्याकडे असतो, आणि यजमान समोर उभा असेल तर अधिकच. वाक्याला सहमती मागण्यापेक्षा ‘कर्मचाऱ्यांची वागणूक कशी होती?’ असे विचारून थेट वागणुकीची पट्टी द्यावी.

क्रमवारी, चौकोन आणि तक्ते

‘पुढील दहा गोष्टी महत्त्वाच्या क्रमाने लावा’ असा प्रश्न विचारणाऱ्याला आकर्षक वाटतो, कारण सगळेच महत्त्वाचे म्हणून सुटण्याची सोय तो ठेवत नाही. परंतु मोबाइलवर दहा ओळी वरखाली सरकवणे कष्टाचे असते, आणि पहिल्या दोन व शेवटच्या एका ओळीपलीकडे माणूस विचारही करत नाही. म्हणून ‘यांतील सर्वांत महत्त्वाची कोणती आणि सर्वांत कमी महत्त्वाची कोणती?’ एवढेच विचारावे. उत्तर तेवढेच उपयोगी मिळते.

‘लागू असतील त्या सर्वांवर खूण करा’ हा प्रकार सोपा दिसतो, पण न केलेल्या खुणेचा अर्थ कळत नाही. ती गोष्ट लागू नव्हती की तिथवर नजरच गेली नाही? महत्त्वाच्या चार-पाच बाबी असतील तर प्रत्येकीसमोर होय किंवा नाही विचारणे अधिक भरवशाचे. तक्त्यांबद्दल थोडक्यात सांगायचे तर आडव्या पंधरा ओळी आणि उभे पाच रकाने दिसले की उत्तर देणारा एकाच रकान्यात वरून खाली खुणा करत जातो. छोट्या पडद्यावर तक्ता टाळलेलाच बरा, इथे ‘बरा’ हा शब्द कोंकणी अर्थानेच घ्यावा.

‘लोक लिहीतच नाहीत’, ‘आता यंत्र वाचते’ आणि इतर आक्षेप

खुल्या प्रश्नाची चौकट लोक रिकामी सोडतात, ही तक्रार खरी आहे. पण बहुधा ती चौकट प्रश्नावलीच्या शेवटी ‘काही सूचना?’ एवढ्या दोन शब्दांनी आलेली असते. वीस खुणा करून थकलेल्या माणसाला त्या दोन शब्दांत उत्सुकता दिसत नाही. त्याऐवजी ‘आमच्याकडील मुक्कामात एक क्षण असा आला का, की तुम्हाला कुणाला तरी बोलवावेसे वाटले पण तुम्ही बोलावले नाही?’ असे नेमके विचारले, तर लिहिण्यासारखे काही ज्याच्यापाशी आहे तो लिहितो. बाकीच्यांनी रिकामे सोडले तरी चालते. संपूर्ण प्रश्नावलीत असे दोन, फार तर तीन प्रश्न असावेत.

दुसरा आक्षेप नवा आहे. हजारो खुली उत्तरे वाचून त्यांची वर्गवारी आता संगणक करू शकतो, मग बंद प्रश्नांची गरजच काय? यंत्राची मदत जरूर घ्यावी. परंतु जे उत्तरात लिहिलेच नाही ते यंत्रालाही वाचता येत नाही. पन्नास पाहुण्यांपैकी पाच जणांनी डासांचा उल्लेख केला, याचा अर्थ उरलेल्या पंचेचाळीस जणांना डास चावले नाहीत असा होत नाही. त्यांना ते त्या क्षणी आठवले नसेल, एवढेच. सर्वांकडून एकाच गोष्टीविषयी उत्तर हवे असेल तर ती गोष्ट सर्वांना नाव घेऊन विचारावीच लागते.

तिसरा आक्षेप उलट दिशेचा आहे आणि तो मला पूर्ण मान्य आहे. वर्षाला तीस-चाळीस ग्राहक असणाऱ्याने टक्केवारी काढून काय मिळवायचे? तिथे एका माणसाच्या नाराजीने आकडा दोन-तीन टक्क्यांनी हलतो. एवढ्या लहान व्यवसायाने पट्ट्यांच्या मागे न लागता खुले प्रश्न अधिक ठेवावेत, आणि शक्य असेल तर लेखी प्रश्नावलीऐवजी दहा मिनिटे फोनवर बोलावे. मोजणे हे मोठ्या संख्येचे काम आहे. थोडे ग्राहक असतील तर ऐकण्याची चैन परवडते आणि ती गमावू नये.

विचारण्याआधी स्वतःला विचारायचा प्रश्न

प्रत्येक प्रश्नासमोर एक ओळ लिहून पाहावी: ‘याचे उत्तर अमुक आले तर मी काय करीन, आणि तमुक आले तर काय करीन?’ दोन्ही ठिकाणी एकच कृती लिहिली गेली तर तो प्रश्न काढून टाकावा. दोन वेगळ्या कृती स्पष्ट लिहिता आल्या तर प्रश्न बंद करता येईल. आणि काय करीन हेच सुचत नसेल, पण जाणून घेण्याची गरज मात्र वाटत असेल, तर तो खुला प्रश्न आहे. प्रश्नप्रकार निवडण्याची ही रीत मला इतर कोणत्याही कोष्टकापेक्षा भरवशाची वाटते.

हीच ओळ कायद्याच्या दृष्टीनेही उपयोगी पडते. डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा, २०२३ मध्ये संमतीची कल्पना अशी मांडली आहे की, सांगितलेल्या उद्देशासाठी जेवढी माहिती आवश्यक तेवढ्यापुरतीच ती संमती असते. कोणती माहिती कशासाठी घेत आहोत याची सूचना इंग्रजीत किंवा राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीतील भाषेत वाचता यावी, अशीही त्यात तरतूद आहे, आणि मराठी व कोंकणी या दोन्ही भाषा त्या अनुसूचीत आहेत. होमस्टेच्या अभिप्रायपत्रात जन्मतारीख आणि वार्षिक उत्पन्न मागणाऱ्याला ‘याचे मी काय करणार?’ याचे उत्तर देता यायला हवे.

पाठवण्यापूर्वी

प्रश्नावली तयार झाली की ती शंभर जणांना पाठवण्याआधी तीन-चार ओळखीच्या माणसांजवळ बसून त्यांच्याकडून भरून घ्यावी, आणि भरताना त्यांना मोठ्याने वाचायला व मनातले बोलायला सांगावे. त्यांतली एक व्यक्ती तरी वयस्क असावी आणि एक तरी घरात कोंकणी बोलणारी. आपण मध्ये बोलायचे नाही, चुकीचे समजले तरी समजावून सांगायचे नाही. माणूस कुठे थांबतो, कुठे परत वर जाऊन वाचतो, कुठे ‘म्हणजे काय?’ म्हणतो, एवढेच टिपून घ्यायचे.

वर सांगितलेल्या वास्तुविशारदाचीच प्रश्नावली अशी तपासली असे धरू. ‘घरातील कोणत्या खोल्या वापरात आहेत?’ या प्रश्नापाशी म्हातारी मावशी बराच वेळ अडते. खोल्यांची नावे समोर आहेत, चौकोन समोर आहेत, तरी तिचे बोट हलत नाही. शेवटी ती म्हणते की, मागची खोली वापरात नाही, पण दिवा रोज लावते. त्या खोलीसाठी ‘वापरात’ आणि ‘बंद’ हे दोन्ही पर्याय खोटे आहेत. तिथे चौकोन काढून एक रिकामी ओळ ठेवायची आणि लिहायचे: ‘प्रत्येक खोलीत सध्या काय होते ते एका वाक्यात सांगा.’